सालीवरून झाड ओळखताय? या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यात हरसूल, पेठच्या बाजूला ट्रेकला गेलं की कुणीतरी खोडाचा क्लोजअप काढतं आणि विचारतं, हे कुठलं झाड? नुसत्या सालीवरून सांगू नका, कारण झाड कुठे उभंय आणि किती वयाचंय यावर साल खूप बदलते.

मी स्वतः ऐन आणि अर्जुनात फसलोय. दोघांनाही गावात सादडा म्हणतात, एकाला नुसता आणि दुसऱ्याला अर्जुनसादडा, त्यामुळे नाव विचारूनही घोळ मिटत नाही. आता मी आधी जागा बघतो. ओढ्याकाठी उभा, साल गुळगुळीत, पांढुरकी, पापुद्रे सुटणारी, तर बहुतेक अर्जुन. कोरड्या उतारावर, काळपट साल आणि मगरीच्या पाठीसारखे चौकोनी तुकडे, तर ऐन. तरी शंका असेल तर खाली पडलेलं फळ शोधा, पाच पंख दोघांनाही असतात पण ऐनाचे रुंद आणि कागदासारखे पातळ, अर्जुनाचे अरुंद आणि जाड.

दुसरी चूक म्हणजे जाड साल दिसली की झाड फार जुनं समजणं. आपल्याकडच्या पानझडी जंगलात उन्हाळ्यात वणवे लागतात, आणि जाड साल आतल्या जिवंत थराला आगीची धग लागू देत नाही, म्हणून तसली झाडं टिकतात. ब्राझीलमध्ये हा फरक अगदी ठळक दिसतो, तिथल्या सेराडो या गवताळ माळरानावर बुचासारखी जाड साल आणि अॅमेझॉनच्या ओल्या जंगलात, जिथे आग सहसा पोचत नाही, तिथे भल्यामोठ्या झाडांचीही साल पातळ.

काटेसावरीला काटे दिसले नाहीत म्हणून ती नाहीच असं ठरवू नका, वय वाढलं की खोडावरचे काटे झडत जातात. त्र्यंबककडच्या दमट भागात खोडावर पांढरे-हिरवे डाग असतात ना, तो सालीचा रंग नाही, ते लायकेन आहे, म्हणजे बुरशी आणि शेवाळ एकत्र वाढून झालेला थर (मसाल्यातलं दगडफूल हेही एक लायकेनच), त्यामुळे थोडं बाजूला सरकून स्वच्छ जागा बघा. पावसात भिजलेली साल तर नेहमीपेक्षा काळीच दिसते, तेव्हा रंगावर जाऊच नका.

आणि प्लीज, आतला रंग बघायला कोयता मारू नका. पानात तयार झालेलं अन्न सालीच्या आतल्या थरातूनच मुळांकडे उतरतं, खोडाला गोल फिरवून साल काढली तर मुळं उपाशी राहतात आणि उभं झाड वाळतं.