समूहस्वराच्या पलीकडे: मलावीच्या खेड्यात शिकवायला जाणाऱ्यांसाठी

मलावीच्या ग्रामीण भागात मिशनच्या वतीने लहान मुलांना शिकवायला जायचे तुम्ही नक्की केले असेल, तर परवाना, लसी, मच्छरदाणी आणि देणगीदारांना पाठवायची प्रार्थनापत्रे यांविषयी तुमच्या मंडळीने पुरेसे सांगितले असणारच. त्यात मी भर घालत नाही. मला लिहायचे आहे ते पहिलीच्या वर्गात उभे राहिल्यावर काय होते याविषयी, आणि त्यातही विशेषतः एका सापळ्याविषयी, कारण मी स्वतः त्यात बराच काळ अडकले होते आणि ते अजूनही बोचते.

वर्गाच्या आकाराची मनाची तयारी आधीच करा. 1994 मध्ये बहुपक्षीय निवडणुकीनंतर आलेल्या सरकारने प्राथमिक शिक्षण मोफत केले, तेव्हा पटावरील मुलांची संख्या सुमारे 19 लाखांवरून एका वर्षात 30 लाखांच्या आसपास गेली आणि सुमारे 20,000 अप्रशिक्षित शिक्षकांना घाईने वर्गांवर उभे करावे लागले. शिक्षकांची ती चणचण अजून संपलेली नाही. खेड्यातल्या पहिलीत शंभराहून अधिक मुले जमिनीवर दाटीवाटीने बसलेली असणे ही तिथे बातमी नव्हे. शिवाय अनेक शाळा चर्चच्या मालकीच्या असल्या तरी शिक्षकांचा पगार आणि अभ्यासक्रम सरकारचा असतो, त्यामुळे पाळकांचे पत्र हाती आहे म्हणून थेट वर्गात शिरू नका. आधी गावप्रमुख, मग मुख्याध्यापक आणि त्यानंतर त्या विभागाचे प्रायमरी एज्युकेशन ॲडव्हायझर, हा भेटींचा क्रम चुकवलात तर पुढे कोणी काही बोलणार नाही, पण मदतही करणार नाही.

आता सापळा. एवढ्या मुलांना सांभाळण्यासाठी तिथे एक रीत पडलेली आहे, आणि शिक्षकांची अडचण पाहता तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. शिक्षक वाक्य म्हणतात, वर्ग ते एका सुरात परत म्हणतो; शिक्षक समजले का असे विचारतात, वर्ग एका आवाजात होकार देतो. मुलांचा ताल पक्का आणि गळा मोकळा असल्याने थोड्याच आठवड्यांत फळ्यावरचा अख्खा धडा ती न अडखळता म्हणतात, आणि नव्या माणसाची खात्री पटते की मुले वाचू लागली. प्रत्यक्षात पुढच्या रांगेतली काही मोठी मुले, बहुधा तीच इयत्ता पुन्हा करणारी, पहिले अक्षर उचलतात आणि बाकीचा वर्ग त्यांच्या इतका लगेच मागे येतो की कानाला फरक कळत नाही. शब्दांचा क्रम फळ्यावर बदला, तरी मुले जुन्याच क्रमाने म्हणत राहतील. पुस्तकातले चित्र हाताने झाका, म्हणजे एवढा वेळ चित्राकडे पाहूनच धडा म्हटला जात होता हे दिसेल. मागच्या भिंतीजवळचे मूल तर फक्त ओठ हलवत असते, आणि ते वर्षभर तसेच राहू शकते.

रविवारच्या शाळेत हाच सापळा अधिक खोल होतो. शंभर मुले बायबलमधले योहान 3:16 हे वचन तोंडपाठ म्हणतात, त्याचे चित्रण मायदेशी जाते, देणगीदारांचे डोळे भरून येतात आणि अहवालात ‘शंभर मुलांपर्यंत वचन पोहोचले’ असे लिहिले जाते. वचन पाठ असण्यात मला काहीच वावगे वाटत नाही. मीही लहानपणी अशीच वचने पाठ केली आहेत. परंतु 1875 साली मलावी सरोवराच्या काठी लिव्हिंगस्टोनिया मिशन उभे राहिले आणि त्यातून पुढे गावोगाव शाळा निघाल्या, त्या प्रत्येकाने पवित्र शास्त्र स्वतः वाचावे म्हणून. वाचता न येणाऱ्या मुलाच्या पाठांतरावर अहवाल लिहिणे हे त्या उद्देशाच्या विरुद्ध आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. रोज थोड्या मुलांना सावलीत बाजूला बसवा, वर्गाच्या दारातून आणि इतर माणसांना दिसेल अशा जागी, आणि एकेकाला उलटसुलट क्रमाने अक्षरकार्डे दाखवा. कोण कुठे अडते ते वहीत लिहा आणि वयाप्रमाणे नव्हे, तर त्या नोंदीप्रमाणे गट पाडा. 1990 च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांतून सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने हीच पद्धत रुजवली आणि शेजारच्या झांबियात ती सरकारी शाळांमध्येही वापरली गेली आहे, तेव्हा ती आपल्याला परकी वाटण्याचे कारण नाही. मराठी माणसाला एक फायदाही आहे. चिचेवा या तिथल्या भाषेतली बहुतेक अक्षरे व्यंजनाला स्वर जोडून बनतात, आणि तिथले शिक्षकही ‘मा, मे, मी, मो, मू’ अशीच उजळणी घेतात. बाराखडी शिकलेल्याला हे समजायला एक दिवस पुरतो. र आणि ल यांची मात्र त्या भाषेत सहज अदलाबदल होते, त्यासाठी मुलांना टोकू नका.

चिचेवा शिकण्याला पर्याय नाही. 2013 च्या शिक्षण कायद्याने माध्यम इंग्रजी ठरवले असले, तरी मध्य मलावीच्या खेड्यात लहान मूल रडते, भांडते आणि शंका विचारते ते चिचेवातच. दुभाषी घेऊन दोन आठवडे शिकवून येणाऱ्या गटांबद्दल मी फार चांगले बोलू शकत नाही. त्यांच्या फुग्यांनी आणि बिस्किटांनी जो गोंधळ होतो, तो शाळेच्या शिक्षिकेला निस्तरावा लागतो. मार्गदर्शक म्हणून त्याच शिक्षिकेला धरा. शहरातल्या कार्यालयात बसलेल्या ज्येष्ठ मिशनऱ्यापेक्षा तिला जास्त कळते, आणि तुम्ही परतल्यावर वही तिच्याच हाती राहणार आहे.

आपण पहिलेच मदतकर्ते असल्याचा अभिमान वाटत असेल, तर तो इथेच उतरवून ठेवा. गुलामीतून सुटलेली आफ्रिकी मुले एकोणिसाव्या शतकात नाशिकजवळच्या शरणपूरला शिकत होती. त्यांपैकी याओ जमातीच्या जेकब वेनराइटने 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मृत्यूनंतर चितांबो गावातल्या झाडावर लेख कोरला आणि पुढे पार्थिवासोबत इंग्लंडपर्यंत प्रवास केला. आज गावात मात्र तुमच्याकडे आधी दुकानदार म्हणून पाहिले जाईल, कारण तिथे भारतीय चेहरा म्हणजे शहरातला व्यापारी. मलावीचे पहिले अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या राजवटीत 1970 च्या दशकात आशियाई व्यापाऱ्यांना खेडी सोडून मोजक्या शहरांतच राहणे भाग पडले होते. पैसे किंवा साखर मागायला लोक येतील. त्यात अपमान मानू नका, आणि जे द्यायचे ते शाळेच्या समितीमार्फतच द्या.

सर्वांत जास्त धीर लागतो तो डिसेंबर ते मार्च. कोठारातला मका संपलेला असतो, नवा शेतात उभा असतो, आणि वर्ग डोळ्यांदेखत ओसरतो. मुलांना गोडी राहिली नाही किंवा आपले शिकवणे फसले, असे तेव्हा वाटू लागते आणि अनेक जण इथेच खचतात. उपाशी मूल शाळेत येत नाही, एवढेच त्याचे कारण असते. शाळेत मका आणि सोयाबीनच्या पिठाची फाला, म्हणजे पेज, मिळत असेल तर चुलीसाठी सरपण आणि पाणी वाहून आणणाऱ्या आयांना हातभार लावा. त्या काळात याहून उपयोगी शिकवणे नाही. एप्रिल-मेमध्ये मका घरात आला की बरीचशी मुले परततात, थोडे मुलगे शेतात उंदीर पकडण्यात रमतात ते सोडून. परतलेल्या मुलांचा जुना गट गृहीत धरू नका. समूहस्वरात ती लगेच मिसळतील, म्हणून पहिल्याच आठवड्यात कार्डे काढून एकेकाची पुन्हा पाहणी करा.