भायखळ्यात न्शिमा, ताईच्या पद्धतीने

ताई आणि भावोजी झांबियात मिशनरी आहेत. तिथलं घड्याळ साडेतीन तास मागे, त्यामुळे रविवारी तिचं चर्च सुटून व्हिडिओ कॉल येईपर्यंत आमची दुपार टळलेली असते. तिने शिकवलेली न्शिमा, म्हणजे तिकडची मक्याच्या पिठाची घट्ट उकड, अशी:

चार वाट्या थंड पाण्यात अर्धी वाटी पांढऱ्या मक्याचं पीठ कालवा. पाणी आधी तापवलंत तर माझ्यासारख्या गुठळ्या होतील. ढवळत उकळी आणा, झाकून पाचेक मिनिटं रटरटू द्या. अंगावर उडतं, लांब उभे राहा! मग मूठमूठ पीठ घालत मोदकाच्या उकडीपेक्षा घट्ट घोटा. हात भरून येतो. ताईकडे पाहुणे न सांगता येतात, म्हणून तिचं पातेलं कायम मोठं. ओल्या पळीने गोळे काढा. सोबत दाण्याचं कूट घातलेली पालेभाजी, तिकडची इफिसाशी. चमचे काढू नका.