सिंहगड चढताना साठणारी ऊर्जा येते कुठून? या चुका टाळा

रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढलात, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही झालं. तुमचं वजन 60 किलो आणि चढ सुमारे 600 मीटर धरला, तर तुमची स्थितिज ऊर्जा, म्हणजे वर चढल्याने साठलेली ऊर्जा, 'एमजीएच' (वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची) या सूत्राने वाढली 60 × 9.8 × 600, म्हणजे साधारण 3 लाख 53 हजार जूल. ती आली कुठून?

अकरावीच्या वर्गात हमखास उत्तर येतं, "उंचीमुळे, सर." पहिली चूक हीच. उंची नुसतं माप आहे, ती कुणाला काही देत नाही. ऊर्जा आली सकाळच्या पोह्यांतून. हा आकडा जेमतेम 84 किलोकॅलरी भरतो, पण स्नायू खर्चाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढंच काम करतात. उरलेल्याची उष्णता होते, म्हणून तर घाम. (सूत्रात वाटेची लांबी घालू नका. वळणं कितीही असोत, सरळ उभी उंचीच धरायची.)

दुसरी चूक जास्त छळते. 5 किलो पिठाची पिशवी सावकाश 2 मीटरवरच्या माळ्यावर ठेवली. हातांनी 98 जूल कार्य केलं, गुरुत्वाकर्षणाने उणे 98. बेरीज शून्य, गतिज (वेगामुळे असणारी) ऊर्जाही शून्यच. मग मुलं म्हणतात, साठलं काय? घोळ असा, की गुरुत्वाच्या त्या उणे कार्यालाच आपण चिन्ह बदलून 'स्थितिज ऊर्जा' म्हणतो. एकाच रकमेची ही दोन नावं. म्हणून गणितात एकतर गुरुत्वाचं कार्य लिहा, नाहीतर स्थितिज ऊर्जा. दोन्ही लिहिलीत की उत्तर हमखास चुकणार. माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत लाल शाई सगळ्यात जास्त इथेच सांडते.

ऊर्जा पिशवीच्या 'आत' शोधू नका. ती पिशवी आणि पृथ्वी या जोडीची. पिशवी पडते तेव्हा पृथ्वीही तिच्याकडे ओढली जाते, पण तिचं वस्तुमान इतकं अफाट की तिच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून सगळी ऊर्जा पिशवीच्या नावावर लिहिली तरी चालतं.

शून्य कुठेही माना. जमीन शून्य धरली तर विहिरीतल्या बादलीची ऊर्जा ऋण येईल, त्यात काही बिघडत नाही. मात्र 400 किलोमीटरवरच्या उपग्रहाला 'एमजीएच' लावू नका, उत्तर सुमारे 6 टक्के जास्त येतं.

आता मुळशी धरण. तिथलं पाणी सुमारे 500 मीटर खाली, कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रात उतरतं. 1000 लिटरमागे 49 लाख जूल, गळती सोडली तर 1.36 युनिट वीज. ते पाणी वर चढवायला कुणी मोटर लावली नव्हती. सूर्याने समुद्राची वाफ केली, मोसमी वारे ती सह्याद्रीवर घेऊन आले. खरं तर पाऊस धरणाच्याही कितीतरी वरून पडतो, पण त्या उंचीची ऊर्जा हवेच्या रोधात उष्णता होऊन जाते. भिऱ्याला मिळते ती फक्त मुळशीच्या पाण्याच्या पातळीपासून खालची.