आखाती देशांत नोकरीला निघण्यापूर्वी कागदपत्रे कशी तपासावीत

कोकणातून आखातात नोकरीला जाणारा माणूस बहुधा आधी गेलेल्या गाववाल्याच्या शब्दावर निघतो. ही ओळख राहण्या-जेवण्याच्या सोयीला उपयोगी पडते. परंतु पगार थकला किंवा कामावर अपघात झाला तर आधार असतो तो कागदांचा, आणि ते विमानात बसण्यापूर्वीच तयार असावे लागतात.

प्रथम पासपोर्ट पाहावा. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ‘ईसीआर’ (एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे परदेशी नोकरीपूर्वी सरकारी तपासणी आवश्यक) अशी नोंद असते. अशा व्यक्तीला संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया, कतार, ओमान, कुवेत यांसह १८ देशांत नोकरीसाठी जाताना १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ या सरकारी अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. हा खटाटोप टाळण्यासाठी काही एजंट व्हिजिट व्हिसावर पाठवतात आणि ‘तिकडे पोचल्यावर व्हिसा बदलून देऊ’ असे सांगतात. हे कदापि मान्य करू नये. व्हिजिट व्हिसावर काम करणे हा तिथे गुन्हा असल्याने फसवला गेलेला कामगारच तक्रार करायला घाबरतो. शिवाय त्याच्याजवळ नोंदलेला करार नसतो आणि परवानगीसोबत मिळणारा प्रवासी भारतीय विमाही नसतो. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपये देणाऱ्या या विम्याचा दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आहे, म्हणजे निरोपाच्या जेवणाहूनही स्वस्त.

त्यानंतर एजंटचा परवाना ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासावा. परवाना चालू आहे की नाही हे पाहावेच, पण ज्या कंपनीसाठी भरती चालली आहे तिचे मागणीपत्रही, म्हणजे कामगार हवे असल्याचे तिने एजंटला दिलेले पत्र, दाखवायला सांगावे. गावोगाव फिरणाऱ्या मध्यस्थाकडे परवाना नसेल तर त्याच्या हाती पासपोर्ट देऊ नये. सेवाशुल्क ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक घेता येत नाही. ते बँकेतूनच द्यावे आणि पावती घ्यावी.

करारात सर्वांत काळजीपूर्वक वाचावा तो पगाराचा तपशील. एकूण आकडा मोठा दाखवून मूळ वेतन कमी ठेवण्याची पद्धत सर्रास आहे. अमिरातीत किमान एक वर्ष नोकरी केलेल्यास, पहिल्या पाच वर्षांपर्यंत, दर वर्षामागे २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते. तेव्हा आज भत्त्यात दडवलेली रक्कम नोकरी सोडताना हिशेबात धरली जात नाही. इथे दाखवलेले नियुक्तिपत्र आणि तिथे सहीला ठेवलेला करार ताडून पाहावेत, आणि न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर, विशेषतः ‘सर्व येणे मिळाले’ अशा पावतीवर, सही करू नये.

पोचल्यावर पासपोर्ट स्वतःजवळ ठेवावा. अमिरातीत तो काढून घेण्याचा अधिकार मालकाला नाही. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करवून घेण्यास बंदी आहे. हजेरी आणि जादा तासांची नोंद रोज स्वतःच्या वहीत करावी.

पासपोर्ट, व्हिसा, करार आणि विम्याच्या प्रती घरी ठेवाव्यात. अडचण आल्यास भारतीय दूतावासाशी संपर्क साधावा. परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ संकेतस्थळावर घरच्या माणसालाही तक्रार नोंदवता येते, मात्र त्या वेळी पासपोर्टचा क्रमांक आणि कंपनीचे नेमके नाव त्याच्या हाताशी असले पाहिजे.