कॉलेजात कायदा-राजकारण मंडळ काढायचंय? आधी बॅनर छापू नका

आपल्या मराठवाड्यात कॉलेजातलं मंडळ कसं जन्माला येतं आणि कसं मरतं हे बहुतेकांनी बघितलेलंच आहे. उद्घाटनाला कुणीतरी साहेब, शाल-श्रीफळ, फोटो, दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, आणि तीन महिन्यांनी अध्यक्ष कोण होता हे अध्यक्षालाच आठवत नाही. त्यामुळं माझं म्हणणं असं की उलट्या बाजूनं सुरू करा, उद्घाटन करूच नका, सरळ पहिली बैठक घ्या, मग दुसरी घ्या, पाच-सहा झाल्या आणि पोरं तरी यायलेत असं दिसलं की मग नाव ठेवा.

सुरुवातीला सहा-सात जण पुरे. फक्त लॉचीच पोरं घेऊ नका, राज्यशास्त्राची दोन, पत्रकारितेचं एखादं, आणि एमपीएससी करणारं एक तरी घ्याच, कारण कलमं त्यालाच पाठ असतात (आणि तो ते दर पाच मिनिटाला सांगणार, सहन करा). प्राचार्यांना साधा अर्ज द्या, एका सरांची किंवा मॅडमची मार्गदर्शक म्हणून सही घ्या, वर्ग कोणता आणि वार कोणता ते लिहा. कॉलेजातल्या मंडळाला धर्मादाय आयुक्ताकडं नोंदणी वगैरे काही लागत नाही, कुणी घाबरवलं तर घाबरू नका. एवढंच की अर्जात "राजकीय" शब्दाच्या पुढं "अभ्यास" शब्द टाका, प्राचार्यांचा बीपी नॉर्मल राहतो.

वेळ ठरवताना एसटीचं वेळापत्रक समोर ठेवा, हे मी गंमतीनं नाही सांगत. संध्याकाळी साडेपाचची बैठक लावली की गंगाखेडहून, औशाहून, पैठणहून अप-डाऊन करणाऱ्या पोरी आपोआप बाद, आणि मग तुम्हीच म्हणणार की मुली येतच नाहीत. शनिवारी दुपारी बारा ते दीड, मेस सुरू असते, एसटी असते, सगळ्यांना जमतं.

आता बैठकीत करायचं काय. भाषणं अजिबात नकोत. एक निकाल घ्या आणि वाचा. सुप्रीम कोर्टाच्या ई-एससीआर साईटवर निकाल फुकट आहेत, बऱ्याच निकालांचा मराठी अनुवादही मिळतो. सुरुवातीला 11 मे 2023 चा शिवसेना फुटीचा निकाल घ्या, पाच न्यायमूर्तींचा, नाव सुभाष देसाई खटला. महाराष्ट्रातलं पोरगं त्यावर गप्प बसूच शकत नाही. पण अख्खा निकाल एकाच्या गळ्यात मारू नका, प्रश्न वाटून द्या: राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावलं ते बरोबर का, व्हिप (म्हणजे मतदान कसं करायचं हे आमदारांना सांगणारा) नेमायचा कुणी, पक्षानं का आमदारांच्या गटानं, अपात्रतेचा निर्णय कोर्ट का घेत नाही आणि विधानसभा अध्यक्षांकडं का पाठवतं, आणि मुख्यमंत्री ठाकरेंनी राजीनामा दिलेला असताना त्यांचं सरकार परत का आणता येत नाही. एकेकानं एकेक प्रश्न घ्यायचा आणि कोर्ट काय म्हणालं ते सांगून परिच्छेदाचा नंबर द्यायचा. नंबर नसेल तर ते मत झालं, आणि मतं काय, चहाच्या टपरीवर फुकट मिळतात. सोबत 1985 ची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदीचा कायदा, आणि 2003 ची दुरुस्ती वाचा, म्हणजे एक तृतीयांश आमदार फुटले तर चालतं हे जे अजून अर्धं गाव सांगत फिरतं ते कधीच बंद झालंय हे कळेल.

दुसरा हमखास विषय आपल्या घरचाच आहे, राज्यघटनेचं कलम 371(2), म्हणजे मराठवाडा, विदर्भासारख्या भागांसाठी वेगळी विकास मंडळं. मराठवाडा वैधानिक विकास मंडळ 1994 ला आलं आणि 30 एप्रिल 2020 ला त्याची मुदत संपली. ते परत पाहिजे का, की त्यानं तसं फार काही झालंच नाही, यावर दोन शनिवार सहज जातात. वाद सुरू करायच्या आधी 1953 चा नागपूर करार, ज्यात एका मराठी राज्यात येताना मराठवाडा-विदर्भाला काय कबूल केलं ते आहे, वाचून या, नाहीतर नुसतं "आमच्यावर अन्याय झाला" एवढंच दीड तास चालतं.

आरक्षण घ्यायचं का? घ्याच. 2 सप्टेंबर 2025 च्या हैदराबाद गॅझेटच्या जीआरवर, म्हणजे निजामाच्या काळातल्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखला द्यायच्या सरकारी निर्णयावर, आपल्याकडं घराघरात भांडणं झालीत आणि मंडळानं तोंड फिरवलं तर मग मंडळ कशाला पाहिजे. फक्त एक नियम लोखंडी ठेवा, बाजू चिठ्ठी टाकून ठरेल. समजा एका चिठ्ठीवर "जीआर टिकेल", दुसरीवर "टिकणार नाही", आणि मराठा पोराच्या हातात दुसरी आली, ओबीसी पोरीच्या हातात पहिली. पहिली दहा मिनिटं दोघंही अडखळतात, मग ती पोरगी 1992 च्या इंद्रा साहनी निकालातली पन्नास टक्क्यांची मर्यादा बाजूला सारते आणि म्हणते की इथं नवीन आरक्षण देतंय कोण, प्रश्न फक्त जुन्या नोंदीवरून दाखला द्यायचा आहे, आणि समोरचा म्हणतो की मग ओबीसी कोट्यात वाटेकरी वाढले त्याचं काय. हे असं झालं की समजा बैठक जमली. मोबाईलवर शूटिंग करायला मात्र बंदी, तीस सेकंदाची क्लिप बाहेर गेली की संदर्भ जातो आणि पोराच्या घरी फोन यायला लागतात.

मूट कोर्ट, म्हणजे सरावाचं खोटं कोर्ट, मराठीतच करा. बार कौन्सिलच्या अभ्यासक्रमात मूट आहेच, पण तिथं मार्कांसाठी पाठ केलेलं इंग्रजी चालतं. हायकोर्टात इंग्रजी लागतं हे खरं, पण पहिली पाच वर्षं आपली बहुतेक पोरं तालुक्याला काढणार आणि तिथं साक्षीदार मराठीतच बोलणार. विषयही तिथलाच घ्या. मला विचाराल तर शेतरस्ता, यापेक्षा भारी विषय नाही. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 म्हणजे आधीपासून असलेला रस्ता कुणी अडवला तर तहसीलदारानं मोकळा करायचा, आणि जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143 म्हणजे रस्ताच नाही, तर बांधावरून नवा मागायचा. दोन्हीतला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही. दोघं अर्जदार, दोघं सामनेवाले, एक जण तहसीलदार, प्रत्येक बाजूला दहा मिनिटं. तहसीलदार झालेल्यानं चारच प्रश्न विचारायचे: रस्ता आधीपासून वहिवाटीत होता याला पुरावा काय, गावनकाशात दिसतो का, शेजाऱ्यांचे जबाब आहेत का, आणि अडवला कधी. शेवटच्या प्रश्नावर निम्मे वकील आडवे होतात, कारण कलम 5 च्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे आणि पोरं दोन वर्षांपूर्वी नांगरून टाकलेला रस्ता घेऊन आलेली असतात.

कोर्ट बघायला जा. कोर्ट खुलंच असतं, काही ठराविक खटले सोडले तर मागं जाऊन बसायला कुणी अडवत नाही. संभाजीनगरजवळ असाल तर हायकोर्टाचं खंडपीठ बघा, तिथं 1981 पासून कामकाज चालतंय आणि ते मिळवायला वकिलांनी किती वर्षं घासली हे एखाद्या जुन्या वकिलाला मंडळात बोलावून ऐका. पाहुणा असाच बोलवा, निवृत्त तलाठी, कुटुंब न्यायालयात काम करणाऱ्या वकील बाई, गरिबांना फुकट वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणातलं कुणी. मंत्र्याला बोलावलं तर बैठक त्याची होते, तुमची नाही.

वर्षात एक-दोन कामं बाहेरची करा. माहिती अधिकाराचा अर्ज सगळ्यात स्वस्त, दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील. "भ्रष्टाचाराची माहिती द्या" असं लिहू नका, त्याला काहीच उत्तर येत नाही. "मागच्या वर्षी वसतिगृह दुरुस्तीच्या बिलांच्या प्रती द्या" असं लिहा. दुसरं काम म्हणजे मतदार नोंदणीचा फॉर्म 6 भरून घेणं, आता अठरा पूर्ण व्हायला वर्षातून चार तारखा धरतात, 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर, पण होस्टेलवरच्या निम्म्या पोरांना एकच माहिती असते.

पक्षाची पोरं येणारच. येऊ द्या, पण गळ्यातला गमछा दाराबाहेर, आणि पैसे कुणाकडूनही नाही, अगदी वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली छोटं नाव टाकतो म्हणाले तरी नाही. चहाला वर्गणी काढा, वहीत लिहा, वही सगळ्यांना दाखवा.

लॉची सीईटी आणि अ‍ॅडमिशन लांबतात, त्यामुळं पहिल्या वर्षाची पोरं बऱ्याचदा दिवाळीच्या तोंडावर हाती लागतात आणि लगेच परीक्षा येतात. म्हणून मंडळ दुसऱ्या वर्षाच्या पोरांनी चालवायचं, शेवटच्या वर्षाच्यांनी नाही, त्यांचं लक्ष वकिलीच्या सनदेत असतं. मार्चच्या आत वही, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद आणि वाचून झालेल्या निकालांची फाईल पुढच्यांच्या हातात द्या, आणि स्वतः ग्रुपमधून बाहेर पडा, नाहीतर पुण्याला जाऊन तिथून सूचना पाठवत बसाल.