जपानची बर्फातली गावं: गाइड पडद्यापर्यंतच येतो

व्हिसा, विमा, थर्मल, हातमोजे यांवर शब्द खर्च करत नाही. ते तुम्हाला कळतं. हिवाळ्यात मराठी मंडळींचे छोटे गट घेऊन मी जपानच्या डोंगरात बऱ्याचदा गेले आहे. बर्फात घसरून कुणाची सहल बिघडली, असं अजून झालेलं नाही. ती बिघडते गरम पाण्याच्या कुंडाशी. बाकीचं म्हणून भराभर उरकते.

मार्ग. तोक्योहून शिनकान्सेन या बुलेट ट्रेननं इइयामा, तिथून बसनं अर्ध्या तासाच्या आत नोझावा ओन्सेन. तिथे दोन रात्री, कमी नाही. मग नागानोमार्गे युदानाका, पुन्हा शिनकान्सेननं कानाझावा, तिथून बसनं साधारण सव्वा तासात शिराकावा-गो आणि पुढे पन्नास मिनिटांत ताकायामा. शेवटी रेल्वेनं नागोया. आठ दिवस धरा. ‘चार दिवसांत सहा गावं’ असं पत्रक हातात आलं तर त्यात भेळ बांधा.

सामान. मोठी बॅग ताक्क्युबिननं, म्हणजे सामान पोचवणाऱ्या सेवेनं, पुढच्या मुक्कामी पाठवून द्यायची आणि पाठीवर दोन दिवसांचे कपडे ठेवायचे. एरवी बॅग दुसऱ्या दिवशी पोचते, पण डोंगरात बर्फाच्या दिवसांत एक दिवस जास्त धरा. बुटांवर चढवायचे रबरी खिळेपट्टे हवेतच. ताज्या बर्फात पाय रुततो, घसरतो तो आदल्या दिवशीच्या गोठलेल्या बर्फावर.

जेवण. शाकाहाऱ्यांनी ‘मासे नकोत’ एवढंच सांगितलं तर ताटातून मासे जातात, माशाचं पाणी राहतं. अशा उकळून काढलेल्या पाण्याला दाशी म्हणतात. ते सूपमध्ये असतं, शिजवलेल्या भोपळ्यात असतं, सोबा नावाच्या शेवया बुडवायच्या रसात असतं. आरक्षण करतानाच ‘माशाची दाशी नको, कोम्बूची चालेल’ हे जपानीत लिहून पाठवा. कोम्बू म्हणजे समुद्री शेवाळ. संध्याकाळी सहाला पाटावर बसून हे सांगण्यात अर्थ नाही, स्वयंपाक दुपारीच झालेला असतो. मेतकूट न्या, भात तिथे उत्तम मिळतो.

आता कुंड.

नोझावात सोतोयु म्हणतात अशी गावाची 13 स्नानगृहं आहेत. आत जायला पैसे नाहीत, दाराशी दानपेटी असते. गावकऱ्यांची युनाकामा नावाची मंडळं आळीपाळीनं ती घासूनपुसून ठेवतात. म्हणजे आपण हॉटेलच्या सोयीत नाही, दुसऱ्याच्या न्हाणीघरात पाहुणे म्हणून शिरतोय, हे डोक्यात असू द्या. आत ना लॉकर, ना शॉवर. बहुतेक ठिकाणी कपडे ठेवायची फळी आणि कुंड एकाच खोलीत, चार पावलांवर. अंगावर काही ठेवायचं नाही. पोहण्याचा पोशाख नाही, पंचा गुंडाळणं नाही. पुरुष एकीकडे, बायका दुसरीकडे.

माझ्या पहिल्या खेपेला मी स्वतःच एका सहल कंपनीची गिऱ्हाईक होते. गाइड मुलगा गुणी. त्यानं बसमध्ये वीस मिनिटं इतिहास सांगितला, स्नानगृहाच्या दारावरच्या पडद्यापाशी आणून सोडलं आणि पुरुषांच्या दारानं आत गेला. आम्ही पाच बायका कपडे हातात धरून एकमेकींकडे बघत उभ्या. लाज झाकायची म्हणून मी घाईघाईनं थेट पाण्यात शिरले. पाणी भयंकर कढत होतं. तरी बाहेर येईना, कारण बाहेर येणं म्हणजे सगळ्यांसमोर उघडं उभं राहणं. दहा मिनिटांनी उठले तेव्हा डोळ्यांपुढे अंधार. एका आजींनी दंडाला धरून मला कडेच्या लाकडी जमिनीवर बसवलं, पायांवर गार पाण्याची बादली ओतली आणि पुन्हा आपली पाठ घासायला बसल्या.

तेव्हापासून मी क्रम ठरवून दिलाय, आणि त्यात कुणाची हौस चालू देत नाही.

अंगठ्या, पैंजण, जोडवी मुक्कामीच काढा. पाण्यात गंधक आहे, चांदी बघता बघता काळी पडते. ‘जोडवी कशी काढायची’ म्हणून अडून बसलेल्या एका काकूंची जोडवी संध्याकाळपर्यंत तव्यासारखी झाली होती. गोंदण असेल तर आधी विचारून घ्या. कित्येक ठिकाणी ते चालत नाही, मग ते आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन का असेना. लहान असेल तर त्वचेच्या रंगाची पट्टी लावून झाकता येतं. पाळीच्या दिवसांत सार्वजनिक कुंडात उतरू नका.

दारावरची अक्षरं ओळखा. वर चार घरांचा चौकोन, शेताच्या बांधांसारखा, ते पुरुषांचं. दुसरं बायकांचं. कुठलं दार कुठे हे पाठ करू नका, काही मुक्कामांवर पडदे रोज बदलतात.

आत गेल्यावर केस वर बांधा. बादलीनं कुंडातलंच पाणी घेऊन आधी पावलांवर, मग गुडघ्यांवर, मग खांद्यावरून घ्या. आठ-दहा बादल्या तरी. यात अंग धुतलं जातं आणि त्याला आचेची सवयही होते. साबण लावला तर फेसाचा थेंब कुंडात जाता कामा नये. पंचा पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवायचा.

सगळ्यात वाईट सल्ला म्हणजे ‘पहाटे जा, कुणी नसतं.’ कुणी नसतं म्हणूनच तेव्हा पाणी सर्वांत तापलेलं असतं! रात्रभर झऱ्याचं पाणी पडत राहिलेलं आणि गार पाणी मिसळायला कुणी आलेलं नाही. गावातल्या ओगामा या झऱ्याचं पाणी नव्वद अंशांच्या आसपास निघतं, बायका त्यात भाजी उकडतात. ओयु या स्नानगृहात दोन कुंडं आहेत, एक कढत, एक त्यातल्या त्यात कोमट. पहिल्या दिवशी कोमटात, आणि दिवसा, आत दोन-तीन बायका असताना उतरा. गार पाण्याचा नळ असतो, पण तो विचारल्याशिवाय सोडायचा नाही. नळाकडे बोट दाखवून मान झुकवली की पुरतं. त्या हो म्हणतात, आणि कधीकधी स्वतःच सोडतात.

पहिली बुडी तीन मिनिटांची. घड्याळ नसतं, तेव्हा मनातल्या मनात दोनदा मारुतीस्तोत्र म्हणा, जमतं. मग कडेवर बसा, श्वास ताळ्यावर येऊ द्या, हवं तर पुन्हा उतरा. उठताना झटकन उठू नका. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. साके प्यायल्यावर कुणीच नाही, ‘एकच प्याला’ घेतलेल्यांनीही नाही. बाहेर शून्याखाली आणि आत बेचाळीसच्या वर, हा फरक हृदयाला झेपावा लागतो.

लाजेचं काय, तर आतल्या बायका तुमच्याकडे बघत नाहीत. बघतात त्या तुम्ही पाय धुतलेत की नाही एवढंच. तरीही ज्यांना नकोच आहे त्यांना मी ओढून नेत नाही. बऱ्याच मुक्कामांवर तासाभरासाठी एका कुटुंबापुरतं कुंड राखून मिळतं. पहिला सराव तिथे करणं हा भित्रेपणा नव्हे. गटात फक्त पुरुष गाइड असेल तर निघायच्या आधी कंपनीला विचारा: बायकांच्या बाजूला कोण असेल? उत्तर धड आलं नाही तर गटातल्या एका बाईला हा क्रम तोंडपाठ करायला लावा.

बाहेर पडण्याआधी पंचा पिळून अंग पुसा, ओलेत्यानं फळीपाशी जाऊ नका. केस नीट कोरडे करा. एकदा मी आळस केला, तर मुक्कामी पोचेपर्यंत वेणीचं टोक काडीसारखं कडक झालं होतं. युकाता, म्हणजे मुक्कामी मिळणारा सुती झगा, डावी बाजू वर येईल असा नेसा. उजवी बाजू वर प्रेताची असते.

हे एकदा जमलं की उरलेली सहल सोपी. युदानाकाजवळची माकडं बघायला रानातून साधारण दीड किलोमीटर चालावं लागतं, खिळेपट्टे घाला. शिराकावा-गोची उतरत्या गवती छपरांची घरं 1995 पासून जागतिक वारशात आहेत, पण त्यांत माणसं राहतात, खिडकीतून डोकावू नका. तिथल्या हिवाळी रोषणाईच्या संध्याकाळी मोजक्याच असतात आणि आधी आरक्षण लागतं. ते नसेल तर दुपारीच जा आणि ताकायामाच्या बसची जागा सकाळीच धरून ठेवा. पाचच्या सुमाराला अंधार पडतो आणि थांब्यावर रांग वाढत जाते.