लिव्हर कॅन्सरच्या ऑपरेशननंतर पुढचा अंदाज रिपोर्ट बघून कसा घ्यायचा

ऑपरेशन झालं की घरातला प्रत्येकजण एकच विचारतो, "आता बरे होतील ना?" आणि डॉक्टर एका शब्दात उत्तर देत नाहीत म्हणून आपण अजूनच घाबरतो. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, उरलेल्या लिव्हरला काम झेपेल का आणि कॅन्सर परत येईल का. दोन्हीची उत्तरं वेगवेगळ्या कागदांवर आणि वेगवेगळ्या वेळी मिळतात. (मी लिहितोय ते लिव्हरमध्येच सुरू झालेल्या कॅन्सरबद्दल, त्यातही मुख्यतः एचसीसी, म्हणजे हिपॅटोसेल्युलर कार्सिनोमा या प्रकाराबद्दल. आतड्यातून वगैरे पसरून आलेल्याचा हिशोब वेगळा.)

आधी लिव्हरचं बघू. जुन्या फाईलमध्ये चाइल्ड-प्यू स्कोअर शोधा. बिलिरुबिन (काविळीचा आकडा), अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा), पोटातलं पाणी आणि मेंदूवरचा परिणाम, प्रत्येकाला १ ते ३ मार्क, टोटल ५-६ म्हणजे ए, लिव्हर बऱ्या अवस्थेत. मग किती लिव्हर शिल्लक ठेवलंय ते विचारा, निरोगी असेल तर साधारण २० टक्के पुरतं पण सिरोसिस (लिव्हर कडक, व्रणांनी भरलेलं) असेल तर ४० टक्के तरी लागतं.

यानंतर एक वही करा, तारीख, बिलिरुबिन, आयएनआर, बस तीनच रकाने. पहिले दोन-तीन दिवस आकडे चढले तर लगेच धीर सोडू नका, ते बऱ्याच जणांचे चढतात. बघायचा तो पाचवा दिवस. त्या दिवशीही बिलिरुबिन ३ च्या वर आणि आयएनआर १.७ च्या वर, दोन्ही एकदम, असं असेल तर धोका खरंच मोठा आहे, डॉक्टरांना तेव्हाच स्पष्ट विचारा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये असतं आणि तो नीट वाचायलाच हवा. गाठीचा साइज, किती गाठी, कडा मोकळ्या आहेत का (आर-झिरो लिहिलं असेल तर मोकळ्या, म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी नाहीत) हे सगळं बघाच, पण माझ्या मते सगळ्यात आधी "मायक्रोव्हॅस्क्युलर इन्व्हेजन" ही ओळ शोधा. म्हणजे कॅन्सरच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांमध्ये शिरल्यात का. हे स्कॅनमध्ये खात्रीने दिसत नाही, काढलेला तुकडा मायक्रोस्कोपखाली बघितल्यावरच कळतं, आणि ते "प्रेझेंट" असेल तर लवकर परत येण्याची शक्यता वाढते. एएफपी (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढू शकणारं एक प्रोटीन) आधी वाढलेलं असेल तर ते नॉर्मलला येतंय का तेही बघत रहा.

एक कटू गोष्ट, ५ वर्षांत ७० टक्क्यांपर्यंत पेशंटमध्ये हा परत येतो. पहिल्या २ वर्षांत आला तर बहुतेक जुन्याच गाठीचं बी, नंतर आला तर बरेचदा आजारी लिव्हरमध्ये नवीनच गाठ. पण लहान असताना सापडला तर पुन्हा ऑपरेशन, अ‍ॅब्लेशन (सुईने गाठ जाळणं), कधी ट्रान्सप्लांटही करता येतं, म्हणून सुरुवातीची २ वर्षं दर ३-४ महिन्यांचा स्कॅन, तब्येत छान वाटत असली तरी, अजिबात चुकवू नका.

ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये आकडे टाकायचेच असतील तर तो कुठल्या पेशंटवरून बनवलाय ते आधी बघा, आणि सी-इंडेक्स (त्याचा अंदाज किती बरोबर येतो याचा आकडा) ०.५ च्या आसपास असेल तर तो नाणं उडवल्यासारखाच. "६० टक्के" आलं तरी ते तशा १०० पेशंटबद्दल आहे, तुमच्या माणसाबद्दल नाही.

आणि हिपॅटायटिस बी असेल तर त्याची गोळी हा अंदाज चांगल्या बाजूला हलवू शकते. बरं वाटतंय म्हणून ती परस्पर बंद करू नका, व्हायरस पुन्हा उसळतो आणि मार बसतो तो त्या उरलेल्या लिव्हरलाच.